फाल्गुनातले चार दिवस

"अकरा वाजता सिझर करूया," डॉक्टर राजनंदिनी मॅडम फाईल मिटत म्हणाल्या. भीतीनं पोटात गोळा येतो म्हणतात, पण दीपाच्या भरल्या पोटात त्याला जागाच कुठं होती?

"तारीख उलटून पाच दिवस झाले, आणि त्या मानानं बाळ फारच लहान आहे. वाढ खुंटली असेल तर आत ठेवणं धोक्याचं. शेवटचं विचारते, पाळीची तारीख नक्की ना?"

पाळी दीपाची, पण उत्तर देण्याचा मान पहिल्यापासून सासूबाईंचा. पाचव्या महिन्यात मॅडमनी हेच विचारलं, तेव्हाही सीताबाईच बोलल्या होत्या.

"नक्की म्हंजे? आठ फेब्रुवारी. आमच्यात पोरी बाजूला बसत्यात, मॅडम. चुकंल कसं?"

बाजूला बसतात हे खरंच होतं. पेठ वडगावजवळच्या त्या जैन घरात पाळीचे चार दिवस सुनेनं देवाला आणि चुलीला शिवायचं नाही, त्यामुळे तिचे दिवस साऱ्या घराला पाठ. फेब्रुवारीत दीपा बाजूला बसली आणि त्यानंतर कधीच बसली नाही.

मार्चमध्ये बसली नाही, कारण ती पूजेला बसली होती. फाल्गुनात गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, सिद्धचक्र विधानाची आठ दिवसांची मोठी पूजा होती. ती आणि तिचा नवरा ऋषभ पूजेचे यजमान म्हणून इंद्र-इंद्राणी झाले होते. डोक्यावर मुकुट, आणि साऱ्या गावाची नजर दोघांवर. तिसऱ्या दिवशी पहाटे, नऊ मार्चला, तिला पाळी आली. सांगितलं असतं तर भर मंडपातून इंद्राणीला उठावं लागलं असतं. ती गप्प बसली आणि चारही दिवस अर्घ्य वाहत राहिली. एप्रिलमध्ये पाळी चुकली, आणि घरानं ते विधानाचं फळ मानलं.

म्हणजे बाळ सगळ्यांच्या समजुतीपेक्षा महिनाभर लहान होतं. तारखेनं काय होतंय, पोर आपल्या वेळेला येईल, अशी दीपानं आजवर मनाची समजूत घातली होती. आता पोराची वेळ घड्याळानं ठरवली होती, आणि घड्याळात दहा वाजून गेले होते.

नर्सनं हिरवा गाऊन आणून दिला. ऋषभ खाली औषधं आणायला गेला होता. गाऊन घेऊन जाताना दीपाला काचेपलीकडची पेटी दिसली. आत एक बाळ होतं, बोटाएवढ्या हातांचं, नाकात नळी घातलेलं.

"हे एवढं बारकं कसं?" तिनं विचारलं.

"महिनाभर आधी आलंय," नर्स म्हणाली. "श्वास घेता येत नाही त्याला अजून."

दीपा तशीच मागं फिरली. तिला सासूची भीती वाटत होती. पण आता त्या पेटीची भीती जास्त वाटत होती.

"मला मॅडमशी बोलायचंय."

"काय बोलायचंय?" सीताबाई उठल्या. "मी हाय की."

"न्हाई, आत्या," दीपा सासूला म्हणाली. "मलाच बोलायचंय." सीताबाई मागोमाग आत आल्या, पण मॅडमच्या टेबलाला घट्ट धरून दीपा एका दमात बोलली. "मॅडम, तारीख चुकीची हाय. खरी नऊ मार्च. विधानात आलेली. मी लपीवलं."

मॅडमनी तिला आडवं केलं, मशीन ओढलं, बाळाचं डोकं, पोट, मांडीचं हाड पुन्हा मोजलं. मग त्यांचा आवाज चढला.

"साडेछत्तीस आठवड्यांचं आहे हे! वाढ अगदी बरोबर आहे. अगं, धडधाकट बाळ महिनाभर आधी काढणार होते मी!" सिझर रद्द झाल्याचं सांगायला त्या तरातरा बाहेर गेल्या.

खोलीत दोघीच उरल्या. आता आभाळ कोसळणार म्हणून दीपानं डोळे मिटून घेतले.

"मला म्हाईत हुतं," सीताबाई हळूच म्हणाल्या.

"काय?"

"विधानाच्या तिसऱ्या दिवशी न्हाणीत बघितलं मी. तुला उठीवलं असतं तर गावानं तोंडात शेण घातलं असतं की गं. मी बी भ्यालो. मग मॅडमनी तारीख इचारल्यावर कुठल्या तोंडानं खरं सांगू?"

जिच्या धाकानं दीपा इतके महिने गप्प राहिली, तिला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं.

"आणि आज?" दीपानं विचारलं. "आज कापणार हुते की, आत्या."

तेवढ्यात ऋषभ औषधांची पिशवी घेऊन धापा टाकत आला. "काय झालं? सिझर न्हाई म्हणत्यात बाहेर."

सीताबाईंनी दीपाचं मनगट पकडलं आणि जोरात दाबलं.

"तारीख पुढं गेली, बाळा," त्या म्हणाल्या. "मशीनमधी चूक झालती."

दीपानं मनगट सोडवून घेतलं आणि दोन्ही हात पोटावर धरले. महिनाभरानं बाळ येणार होतं, आणि त्याला घेऊन तिला याच बाईच्या घरी जायचं होतं. इतकी भीती तिला त्या पेटीसमोरही वाटली नव्हती.