मंगळीच्या नावाची खुर्ची

नेरळच्या बाजारात टोपल्या-सुपं मांडून बसलेल्या बाईला मेहनाजने ओळखलं आणि तिचं डोकं फिरलं. घरातल्या खुर्च्यांना लटकलेल्या चिठ्ठीवर हाच चेहरा होता.

"लोकांना फसवून आता इथं येऊन बसलीस काय गं? लाज नाही वाटत?"

गिऱ्हाइकं थबकली. बाईने मान वर केली. "कुणाला फसवलं मी?"

मेहनाजचा राग महिनाभर साठलेला होता. शेलूला फ्लॅट घेतला तेव्हाच तिने ठरवलं होतं, प्लायवूड घरात आणायचं नाही. आधीच्या भाड्याच्या खोलीत नव्या कपाटाच्या वासाने तिच्या सहा वर्षांच्या मुलीला, मासूमाला, धाप लागायची. म्हणून कुंभिवलीला हायवेवरच्या शोरूममधून तिने बांबूच्या चार खुर्च्या आणि दिवाण आणला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'डोंगरातल्या मंगळीने हाताने विणलेलं. शंभर टक्के नैसर्गिक.' पंधरा दिवसांत वीण तडकली. आत भुसा दाबून केलेल्या फळ्या निघाल्या. घरभर तोच वास, आणि मासूमाची छाती पुन्हा वाजायला लागली.

तिने मोबाइलवर चिठ्ठीचा फोटो दाखवला. बाईने तो बराच वेळ पाहिला. मेहनाजने मजकूर वाचून दाखवला.

"फोटू माझा हाय. नाव बी माझंच. पण ही खुर्ची माझी नाय."

दोन वर्षांपूर्वी एक माणूस तिच्या डोंगरातल्या वाडीत आला होता. सूप विणताना तिचे फोटो काढून, पेपरात येतील म्हणून सांगून गेला होता.

"मला दाखीव ती खुर्ची," मंगळी म्हणाली आणि टोपल्या शेजारणीच्या हवाली करून उठली.

शेलूला मेहनाजच्या घरी खुर्चीवर तिने कमरेच्या कोयत्याचं टोक ओढलं. रंगाचा पापुद्रा निघाला.

"प्लास्टिक हाय गं हे. माझ्या नावावर प्लास्टिक!" तिने तो पापुद्रा भिरकावला. "तीस वर्षं विणते. एक पाती वाकडी गेली तर उसवून पुन्यांदा घालते मी."

"चुकलं माझं, मंगळीबाई. चार माणसांत मी तुम्हाला नको ते..."

"ते नंतर बघू. आदी मला तिथं ने."

मेहनाजच्या भावाने, झुहेबने, खुर्ची टेंपोत चढवली. कर्जत गेलं, खालापूर गेलं आणि तिघं कुंभिवलीला पोचली.

शोरूमची एक अख्खी भिंत मंगळीच्या कापडावर छापलेल्या हसऱ्या फोटोने भरली होती. मालक कमलेश एका जोडप्याला त्या फोटोकडे बोट करून सांगत होता, "ह्या बायकांना आम्ही रोजगार देतो." मग त्याने दाराकडे पाहिलं. "मावशी, टोपल्या नकोत आम्हाला. बाहेर थांबा."

मंगळी सरळ जाऊन फोटोखाली उभी राहिली.

"मला वळखलं नायस? रोज मला दाखवून इकतोस, आन वळखलं नायस?"

कमलेशचा चेहरा उतरला. जोडपं एकदा फोटोकडे, एकदा तिच्याकडे पाहू लागलं. झुहेबने खुर्ची मध्ये आणून ठेवली. मंगळीने कोयता उचलला आणि दोन घावांत खुर्चीची पाठ उभी चिरली. प्लास्टिकच्या पट्ट्या लोंबकळल्या, भुसा फरशीवर सांडला.

"घ्या वास," मेहनाज त्या जोडप्याला म्हणाली. "माझ्या पोरीने महिनाभर हेच ओढलंय."

जोडपं निघून गेलं. कमलेश हात जोडत मंगळीजवळ आला. "बसून बोलू ना. तुम्ही इथंच विणायला बसा, रोज पगार देतो."

"ह्या कचऱ्याच्या राखणीला मी बसू?" ती ओरडली. फोटोच्या खालच्या कडेत कोयता घालून तिने कापड फाडायला सुरुवात केली. वरपर्यंत हात पोचेना, तेव्हा मेहनाज तिथल्याच एका दिवाणावर चढली आणि उरलेलं तिने ओढून काढलं. कमलेश पोलिसांना बोलावतो म्हणाला. "बोलाव," दोघी एकदमच म्हणाल्या. त्याने फोन खिशातून काढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा माणूस येऊन उरलेल्या खुर्च्या आणि दिवाण घेऊन गेला, पैसेही परत मिळाले. तरी मेहनाजने ग्राहक आयोगात तक्रार केलीच. त्यावर मंगळीचा अंगठा आहे. तारीख अजून लागलेली नाही.

बाजाराच्या दिवशी मेहनाज मंगळीच्या शेजारी उभी राहिली आणि जमलेल्या बायकांना मोठ्याने म्हणाली, "मागच्या वेळी मी हिला फसवी म्हटलं. खोटं बोलले मी."

मग तिने मंगळीला घरासाठी खुर्च्या करून मागितल्या.

"खुर्ची मला येत नाय," मंगळी म्हणाली. अजूनही ती हसली नव्हती. "बसायला चटया करीन. पण आता तोडलेल्या बांबूला भुंगा लागतो. दिवाळीनंतर तोडीन. थांबशील?"

"थांबेन," मेहनाज म्हणाली.