वीस चिंचोके आणि रंभाबाईंचा बटवा

मित्रांनो, आज माझ्यात फुटकी कवडीही नाही. पण एके काळी पाच बायकांची अब्रू माझ्या नाडीला बांधलेली होती, तेव्हा मला हसू नका. मी फोपनारच्या रंभाबाईंचा जुना बटवा आहे.

बुऱ्हाणपूरच्या एका विणकराकडे उरलेल्या लाल कापडातून रंभाबाईंनी मला स्वतः शिवलं. माझी पहिली वर्षं पान-सुपारी सांभाळण्यात गेली. पैशाशी माझा संबंध नव्हता. तो त्यांचे यजमान सुकलाल यांच्या खिशात असे.

मग एकोणीसशे सत्तावन्न साल उजाडलं. आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली होती, आण्यांच्या जोडीला नये पैसे आले होते, आणि कधी नव्हे ते गावातल्या पाच बायका पुरुषांवाचून समुद्र बघायला निघाल्या. वर्षभर जमवलेली त्यांची वर्गणी माझ्यात आली.

सुकलाल ओट्यावरून म्हणाले, "पाच बाया अन् दर्या! तिसऱ्या दिवशी बटवा झटकत बसशीन अन् मले तार करशीन."

 रंभाबाईंनी माझी नाडी अशी आवळली की माझा जीव गुदमरला.

अलिबागेला त्या एका खानावळीत उतरल्या. खोली, जेवण, चहा, सगळ्याचा हिशोब शेवटी द्यायचा ठरला. रंभाबाईंना अक्षरओळख नव्हती. म्हणून दर सोळा आणे खर्चामागे त्या एक चिंचोका माझ्यात टाकत. बायका लाटांत लुगडी भिजवून पोरींसारख्या खिदळत होत्या आणि मी कोरडाठाक चिंचोके राखत होतो. खरं सांगतो, मला त्यांचा हेवा वाटला.

निघायच्या सकाळी खानावळवाला म्हणाला, "बावीस रुपये चाळीस नये पैसे."

माझ्यात उरले होते अठ्ठावीस रुपये. आगगाडीची परतीची तिकिटं काढलेली होती, पण एसटी आणि लाँचला सहा रुपये हवे होते. म्हणजे चाळीस नये पैसे कमी! सोबतच्या गोदाबाईंचा चेहरा उतरला. "रंभा, करा लागते का वं तार?"

"थांब जराशीक." रंभाबाई मालकाकडे वळल्या. "भाऊ, आण्याचे किती पैसे धरले?"

"सात. आता नवा हिशोब आहे, बाई. तुम्हाला नाही समजायचा."

"अन् आणे किती झाले?"

"तीनशे वीस."

रंभाबाईंनी नोटा हातात काढून घेतल्या आणि मला टेबलावर उलटं केलं. चिंचोके घरंगळले. "सोळा आण्याले, म्हंजे रुपयाले, एक. मोजा, वीस हायेत. आणा गेला, नवा पैसा आला. पण रुपया तर तोच हाये ना, भाऊ?" आणि वीस रुपये त्यांनी पुढे ठेवले.

मालकाने चिंचोके एकदा मोजले, दोनदा मोजले. शेजारच्या टेबलावरचं गिऱ्हाईक आपलं बिल पुन्हा तपासू लागलं, तसे मालकाने ते वीस रुपये उचलले. मित्रांनो, मी नुसतं कापड. पण त्या क्षणी माझी छाती फुगली!

भाड्याचे सहा वगळून दोन रुपये उरले. रंभाबाई तडक पोस्टात गेल्या.

बायका घरी परतल्यावर दोन दिवसांनी पोस्टमनने ओट्यावर चारचौघांत हाक मारली, "सुकलालभाऊ, अलिबागहून मनिऑर्डर!"

एक रुपयाची होती. सोबत रंभाबाईंनी पोस्टातल्या बाबूकडून लिहून घेतलेला मजकूर त्याने मोठ्याने वाचला, "आमचे पैसे उरले. तुम्हाले कमी पडले असतील म्हणून धाडले."

ओटा हसून लोटपोट झाला. सुकलाल आधी लाल झाले, मग तेही हसले. त्याच आठवड्यात शेतातल्या केळीचे पैसे आले. ते त्यांनी खिशात घातले नाहीत, बायकोला हाक मारून माझ्यात ठेवायला दिले.

आता माझी शिवण उसवली आहे, मी पेटीच्या तळाशी पडून असतो. कुणी दोन टाके घातले तर बरं वाटेल. पण त्याआधी, मित्रांनो, एक करा. "तुला नाही समजायचं" असं आईला म्हणण्यापूर्वी तिला हिशोब विचारा, आणि ती सांगू लागली की मध्ये बोलू नका.