सगळेच पांढरे

नागमणीअक्काला जाऊन दोन महिने झाले होते, तरी हैदराबादच्या त्या प्रयोगशाळेत भार्गवीला अजून तिची चाहूल लागायची. बाटली सरकल्यासारखी वाटायची, मागून कुणी श्वास घेतल्यासारखा वाटायचा.

जो आजार अक्काला घेऊन गेला, त्याच्यावरच अक्का इथे भार्गवीला सोबत घेऊन काम करत होती, आणि त्यासाठी रक्तही तिने स्वतःचंच दिलं होतं. त्यातला बिघडलेला जनुक जिवाणूंत उतरवायचा होता. किती खेपा वाया गेल्या! आता त्या जनुकाचा शेवटचा थेंब उरला होता, आणि रक्त द्यायला अक्का नव्हती.

या खेपेला तो थेंब घातलेले जिवाणू वाढवायला भार्गवीने फ्रीजमधल्या, अक्काने स्वतःच्या हाताने बनवून ठेवलेल्या प्लेटा घेतल्या. कडेला तिचं तिरकं अक्षर होतं. वेडेपणाच, पण मायेपुढे शहाणपण चालतं कुठे?

सकाळी पाहते तर प्लेटभर जिवाणूंचे पांढरे ठिपके. जनुक बसला की ठिपका पांढरा, नाही तर निळा, आणि इथे निळा एकही नव्हता! भार्गवीने तिथूनच राजमुंद्रीला अक्काच्या आईला फोन लावला.

"अम्मा, अक्का सापडली!"

"जिवंत आहे?" म्हातारीने विचारलं.

"वाढतेय, अम्मा."

फोन ठेवला आणि कानाशी अक्काचा आवाज आला. "एकही निळा नाही? अगं बावळट, तुझं नशीब कधीपासून एवढं फळफळलं?"

भार्गवी गर्रकन वळली. मागे कुणी नव्हतं. तिने प्लेट उलटी केली. तारीख तीन महिन्यांपूर्वीची. प्लेटमधलं निळा रंग आणणारं औषध कधीच मेलं होतं. अशा प्लेटवर सगळेच पांढरे दिसणार.

तिने एकेक ठिपका ताज्या प्लेटांवर उतरवला. दुसऱ्या दिवशी सगळे निळेशार.

दुपारी अम्मा दारात उभी. हातात पुलिहोराचा, चिंचेच्या भाताचा डबा, डोळे रात्रभरच्या प्रवासाने लाल.

"यातली माझी कुठली गं?"

भार्गवीने निळ्या प्लेटा बाजूला सारल्या. "अजून... आली नाही, अम्मा."

"येईल की. शाळेतूनसुद्धा उशिराच यायची कार्टी." अम्मा बाहेरच्या बाकावर टेकली, डबा मांडीवर घेतला. "तू कर तुझं काम. मी थांबते."