एक्स-रेत न दिसलेली कवळी

मी एक जुनी, तीन दातांची कवळी आहे. सर्जनबाईंच्या टेबलावरच्या बरणीत माझा मुक्काम असतो. मित्रांनो, दात शाबूत आहेत, पण इथे चावायला काही नाही.

गुलाबी प्लॅस्टिकची पट्टी, तीन दात आणि शेजारच्या खऱ्या दातांना धरून बसायला तारेचे दोन आकडे, अशी मी घडले. माझे मालक सोफे दुरुस्त करायचे. बारीक खिळे तोंडात धरायचे आणि एकेक काढून ठोकायचे. खिळे संपले की गुणगुणायचे. ती गुणगुण सगळ्यांत आधी मला ऐकू यायची. गिऱ्हाईकं म्हणायची, "हसलात की दहा वर्षांनी तरुण दिसता हो!" मी फुशारून जायची.

पुढे आकडे त्यांच्या हिरडीला टोचू लागले. दातांच्या डॉक्टरकडे जायचं सोडून त्यांनी पक्कड घेतली आणि दोन्ही आकडे कापून टाकले. जगाचं फर्निचर दुरुस्त करणारा माणूस, त्याला कवळीचं काय मोठंसं! मी सैल झाले. एका दुपारी घाईघाईत जेवताना त्यांनी घासाबरोबर मलाही गिळलं. त्यांना ते कळलं होतं. पण स्वतःच आकडे कापले हे सांगायची लाज वाटली. पडेल आपोआप बाहेर, म्हणून ते गप्प बसले.

मी लहान आतड्याच्या टोकाशी, जिथे वाट अरुंद होते, तिथे अडकले. आठव्या दिवशी पोट टम्म फुगलं, उलट्या थांबेनात. सर्जनबाईंनी आधीच्या ऑपरेशनचं विचारलं, हर्निया तपासला. काहीच नव्हतं. खिळा गेला असेल म्हणून एक्स-रे काढला. फुगलेलं आतडं दिसलं, खिळा नव्हताच. मी पडले प्लॅस्टिकची, मीही दिसले नाही. आतडं फाटलं असतं तर मालक हातचे गेले असते, तेही माझ्यामुळे. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण बिनतोंडाची कवळी ओरडणार कशी?

मालक तोंडावर हात धरून बोलत होते. उशाशी मुलगी बसली होती.

"बाबा, हात काढा बघू. कवळी कुठंय?"

"दुकानात. खणात असेल."

"खण मी कालच आवरला. खरं सांगा."

मालकांचे डोळे भरून आले. "गिळली गं. आकडे मीच कापले होते."

"अहो बाबा, मग सांगायचं नाही का!" म्हणत ती रडतच सर्जनबाईंकडे धावली.

त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. मी बाहेर आले, मालक वाचले.

महिन्याभराने ते तपासणीला आले. मला बरणीत पाहून खदखदून हसले. तोंडात नवी कवळी होती. मला तिचा हेवा वाटला. ती ऊब, ती गुणगुण आता तिची होती.

मित्रांनो, कवळी सैल झाली तर दुरुस्त करून घ्या. चुकून काही गिळलंत तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, लाजू नका. अजूनही दार वाजलं की मला वाटतं, मालक आले. मग मीच मनाला बजावते, नको, या खोलीत त्यांना पुन्हा कधी यावं लागू नये.