सतरा नंबरचा भाव

एजंट घर घेणाऱ्याला एक भाव सांगतो आणि विकणाऱ्याला दुसरा, आणि या दोन भावांच्या मधे जी जागा उरते तिथे तो स्वतः राहतो. सून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. मशीनवर हनुवटी टेकवून बसलेला माणूस का कोण जाणे खरं बोलतो. एका एजंटने अक्षरं वाचता वाचता हे गुपित तिच्याजवळ फोडलं होतं.

तिला घर हवं होतं ते सासऱ्यांसाठी. ती, नवरा आणि बाबा चौथ्या मजल्यावर राहायचे, आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर तो लोकांचे बाप वरखाली करायचा आणि संध्याकाळी स्वतःच्या बापाकडे जिने चढून जायचा. बाबांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून ते जमिनीवर उतरलेच नव्हते. खिडकीत बसून ते खालच्या माणसांना टकलांवरून ओळखायचे. "बँकवाला चालला," म्हणायचे. "मधून विरळ झालाय बिचारा."

ज्या गल्लीवर सुनेचा डोळा होता, तिच्यावर सगळ्या शहराचाच होता. सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, बैठी घरं, कोपऱ्यावर दवाखाना, सावलीत बाक. तिथे घर मिळालं तर बाबा आपल्या पायांनी दाराबाहेर येतील, एवढंच तिला हवं होतं. पण खरा भाव काही कळेना. प्रत्येक एजंट वेगळा आकडा सांगे, आणि बाकीचे चोर आहेत हे मात्र सगळे एकमताने सांगत.

"मग आपण विकणारे होऊ," सून म्हणाली. "विकणाऱ्याला सांगतात तो भाव खरा."

"विकणार काय?" नवऱ्याने विचारलं.

"घर."

"कुणाचं?"

"तेवढं ठरवायचं राहिलंय."

गल्लीत सोळा नंबरनंतर एकदम अठरा नंबर होता. मधे दोन हात रुंद, शेवाळलेल्या भिंतीचा तुकडा. सतरा कुठे गेला हे कुणालाच माहीत नव्हतं. नंबर टाकणारा माणूस बहुतेक मधेच जेवायला गेला असावा. सुनेने जाहिरातीत पत्ता टाकला, सतरा नंबर. घराचं वर्णन मात्र बाबांनी सांगायला घेतलं. दोन वर्षांत त्यांना एवढं रंगात आलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"लिही. बैठं घर. पुढे एक पायरी. एकच. दोन लिहिल्यास तर मी यायचा नाही."

"तुम्हाला कुठे यायचंय, बाबा? खोटं घर आहे हे."

"खोटं असलं म्हणून काय गैरसोयीचं असावं? लिही. स्वयंपाकघराला मोठी खिडकी. मागे खोली, तिथून झाड दिसतं."

"कसलं झाड?"

"ते गिऱ्हाइकाला ठरवू दे. काहीतरी त्याच्यावरही सोडावं माणसाने."

फोन नंबर बाबांचाच दिला, कारण घरात रिकामा वेळ फक्त त्यांच्याकडे होता. दुसऱ्या दिवसापासून फोन वाजायला लागला आणि बाबा मालक झाले. ते ताठ बसून बोलायचे, मधेच "विचार करून सांगतो" म्हणायचे आणि अजिबात विचार न करता खिडकीतून टकलं बघायचे. एक एजंट तर चिकटलाच. कशालाही "होऊन जाईल" म्हणायचा, म्हणून घरात त्याचं नावच 'होऊन जाईल' पडलं.

आठवड्याभरात खरा भाव कळला. कळला नसता तर बरं झालं असतं, असा तो भाव होता. सून आकड्याकडे बघत राहिली, आणि मग म्हणाली, "काढून टाकू जाहिरात. आपल्या आवाक्यातलं नाही हे."

"राहू दे गं थोडे दिवस," बाबा म्हणाले. "पार्ट्या येतायत."

"कुठे येतायत?"

"बघायला."

त्याच दुपारी होऊन जाईलचा फोन आला. बाबांनी स्पीकर लावला. "काका, घर बघून आलो. झकास आहे. फक्त मागच्या खोलीत ओल आहे."

"कुठल्या भिंतीला?"

"झाडाच्या बाजूच्या. पण होऊन जाईल."

बाबांनी फोनवर हात ठेवला आणि हळूच सुनेला म्हणाले, "ओल मी सांगितली नव्हती."

सून हसली. न बघितलेलं घर बघितलं म्हणायचं आणि त्यात ओल काढून भाव पाडायचा, हा एजंटांचा जुना धंदा. तरी दुकानात जाताना ती गल्लीतून गेली. सोळा, मग भिंत, मग अठरा. भिंतीवरून एक मुंगी चालली होती. तिनेही कुठे आत वळण्याची काही खूण दाखवली नाही.

मग दुसऱ्या कुणाचा फोन आला, न्हाणीघराचं दार अडकतं म्हणून. मग एका बाईचा, खिडकीतून वारा छान येतो म्हणून. आणि मग एका म्हाताऱ्या गृहस्थांचा: "काल तुम्ही अगत्याने चहा दिलात. हल्ली कोण देतं?"

"बाबा," सून म्हणाली, "काल तुम्ही कुठे होतात?"

"मी कुठे असणार? इथेच. खुर्चीत." ते सावरून बसले. "डुलकी लागली होती जराशी."

तिने पलंगाखाली वाकून पाहिलं. बाबांच्या बाहेरच्या चपला दोन वर्षं तिथे कोरड्या पडून होत्या. आता त्यांच्या तळाला ओली माती होती, आणि मातीत एक पान चिकटलेलं होतं. तिने ते पान वास घेऊन पाहिलं, उलटून पाहिलं. कसल्या झाडाचं, ते काही तिला सांगता येईना.

नवऱ्याला तिने सांगितलं. तो पक्का मेकॅनिक माणूस. त्याने चार मजले उतरून पायऱ्या तपासल्या, कठडा हलवून बघितला आणि वर येऊन म्हणाला, "शक्य नाही." मग जरा वेळाने, "पण रंग उजळलाय त्यांचा."

शनिवारी होऊन जाईलने सुनेलाच बोलावलं. पार्टी पक्की होती. पूर्ण भाव द्यायला तयार होती. "मॅडम, घरातलं कुणीतरी हवं. काका जरा आढेवेढे घेतायत."

भर दुपारी ती गल्लीत पोचली. भिंतीसमोर होऊन जाईल उभा होता, आणि एक माणूस हातात मोजायच्या टेपचं टोक धरून. टेप त्याच्या हातातून निघून सरळ भिंतीत गेला होता. सैल नव्हता, ताणलेला होता. पलीकडून कुणीतरी ओढून धरला होता.

"किती?" त्या माणसाने विचारलं.

"बारा फूट!" भिंतीतून बाईचा आवाज आला. "आपलं कपाट बसतंय!"

"या ना मॅडम," होऊन जाईल म्हणाला. "दार उघडंच आहे."

सुनेने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. हजारो लोकांना तिने हाच सल्ला दिला होता. भिंत होती तशीच होती. तिने बाबांना फोन लावला. भिंतीच्या आत फोन वाजला.

"थांब, उचलतो," भिंतीतून आवाज आला, आणि मग तोच आवाज तिच्या कानात म्हणाला, "हॅलो. बाहेर का उभी आहेस? ये ना. एकच पायरी आहे."

तिने पाय उचलला. गुडघा दगडावर आपटला.

"काय झालं?"

"लागलं, बाबा. मला दार दिसत नाही."

"तुला?" बाबा हसले. "मग तुझ्या दुकानात कोण येणार?"

घरी खुर्ची रिकामी होती. पलंगाखाली चपला नव्हत्या. संध्याकाळपर्यंत ते आले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. नवरा पोलीस चौकीत गेला.

"वडील हरवलेत."

"शेवटचे कुठे दिसले?"

"दिसत नाहीत. ऐकू येतात. सतरा नंबरला."

"पत्ता माहीत आहे, आवाज येतो," पोलीस पेन खाली ठेवत म्हणाला, "मग हरवलेत कसे? वडिलांना घरी जायचं नसेल तर तो घरचा मामला झाला."

नवरा गल्लीत जाऊन भिंतीला कान लावून बसला. बाप आणि लेक बराच वेळ लिफ्टच्या दोरांबद्दल बोलले. दुसरं काय बोलावं हे दोघांनाही सुचलं नाही.

सोमवारी होऊन जाईलने निर्वाणीचं सांगितलं. पार्टी पैसे घेऊन बसली आहे, फक्त काका जागा खाली करत नाहीत. "तुम्ही समजवा. म्हातारी माणसं एकदा बसली की बसली."

"एवढ्या पैशात लिफ्टवाला फ्लॅट येतो," नवरा म्हणाला. त्याची नजर रिकाम्या खुर्चीवर होती. "मोठी लिफ्ट. आठ माणसांची."

"कुणासाठी?" सून म्हणाली.

तिने विचार केला तो सरळ होता. घर विकलं तर ती कपाटवाली माणसं आत जाणार आणि बाबांना बाहेर काढणार, आणि बाहेर म्हणजे नक्की कुठे हे कुणीच सांगू शकत नव्हतं. तिने फोन काढला आणि जाहिरात काढून टाकली.

होऊन जाईल खवळला. "मॅडम, मार्केट खराब करताय तुम्ही." पण दोन दिवसांनी तो गल्लीतून जाताना दिसला तेव्हा तिने त्याला हाक मारली, तर तो भिंतीकडे बघून म्हणाला, "सतरा? इथे पहिल्यापासून भिंतच आहे." आणि त्याचा चेहरा बघता तो खोटं बोलत नव्हता. एजंटाच्या बाबतीत ही गोष्ट भीतीदायकच म्हणायची.

मग रोज दुकान बंद झालं की सून घडीचं स्टूल घेऊन भिंतीशी बसायची. बाबा पलीकडून विचारायचे, दुकानात कोण आलं होतं. ती सांगायची. बाबा मधे मधे खोकायचे. जाणारे-येणारे आधी हसले, मग रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागले. सोळा नंबरवाल्या काकूंनी खिडकी कायमची लावून घेतली. अठरा नंबरवाले महिनाभर सहन करत होते. मग त्यांच्या सुनेने माहेर गाठलं आणि घर विक्रीला निघालं. कुणी घेईना. पाठोपाठ वीस नंबर निघालं, मग अकरा. ज्या गल्लीवर सगळ्या शहराचा डोळा होता, तिथून शहराने डोळा काढून घेतला. भाव जो घसरला, तो घसरतच राहिला.

अठरा नंबर दाखवायला होऊन जाईलच आला. आतल्या खोलीत उभं राहून त्याने घाम पुसला. "प्रामाणिकपणे सांगतो, मॅडम. बाजूच्या भिंतीतून खोकल्याचा आवाज येतो."

"कोरडा की कफाचा?"

"अं... कोरडा."

"घेतलं," सून म्हणाली.

कर्ज काढून झालं, सामान आलं. नवऱ्याने चौथ्या मजल्यावरून बाबांची खुर्ची स्वतः खांद्यावरून उतरवली, नव्या घरातल्या त्या भिंतीला लावून ठेवली आणि भिंतीवर टकटक केली. "बाबा, आलो आम्ही. शेजारीच."

"केवढ्याला पडलं?"

सुनेने आकडा सांगितला. "घाई केलीत," बाबा म्हणाले. "भाव अजून पडला असता. मी नुसता जाता येता खोकत होतो, अजून कण्हायला सुरुवातही केली नव्हती."

नवरा हसला. कित्येक महिन्यांनी हसला. "आता पुरे, बाबा. या इकडे. इथे तर पायरीसुद्धा एकच आहे."

पलीकडून भिंतीवर हात फिरवल्याचा आवाज आला.

"बाबा?"

"यायचं कुठून?" ते म्हणाले. "तू जाहिरात काढून टाकलीस ना, सूनबाई, त्याच दिवशी दार गेलं. म्हटलं, सांगून कशाला तुमच्या जिवाला घोर."

सुनेने तिथल्या तिथे फोन काढला आणि जाहिरात पुन्हा टाकली. सतरा नंबर, बैठं घर, पुढे एक पायरी, मोठी खिडकी, मागे झाड. एका तरी माणसाला घर बघावंसं वाटलं तर दार उघडेल, असा तिचा हिशेब होता. दिवस गेला, फोन वाजला नाही. तिने भाव कमी केला. मग अर्धा केला. होऊन जाईलला ती स्वतः जाऊन भेटली; तो म्हणाला, त्या गल्लीत आता फुकटही कुणी येणार नाही, बाजूलाच झपाटलेली भिंत आहे.

"केवढा लावलायस?" बाबांनी विचारलं.

तिने सांगितलं.

"एवढा पाडू नकोस गं. घर चांगलं आहे." मग ते उठल्याचा आवाज आला. "तोवर मी आतून दार शोधतो. असेल इथेच कुठेतरी."

ती आणि नवरा भिंतीला कान लावून उभे राहिले. बाबांची पावलं निघाली. गुडघे आता अगदी ठणठणीत वाटत होते. आतली खोली बारा फुटांची होती, टेपने मोजलेली. पण पावलं लांब जात राहिली, आणखी लांब, आणि ती दोघं ऐकत राहिली. सुनेने कान न काढता एका हाताने भाव आणखी कमी केला.