ओल

तिने नव्या डिझेलात पाणी घालून बाटली दोन्ही हातांनी धरून खळखळून हलवली, खिडकीत ठेवली आणि बघत राहिली. खाली पाणी, वर सोनेरी इंधन, असं नीट वेगळं व्हायला हवं होतं. झालं नाही. बाटलीभर नुसतं दुधासारखं पांढरं, आणि गळ्यापर्यंत फेस.

खानावळीचं वापरलेलं तेल आणून मागच्या पडवीत ती डिझेल बनवायची, आणि त्यावर नवऱ्याची लाँच नदीच्या फेऱ्या मारायची. परवा ऐन मधल्या धारेत इंजिनाने मान टाकली. फिल्टर उघडला, तर आत पिवळट, बुळबुळीत गाळ. माणसांनी भरलेली लाँच वाहत गेली ती पुलाचा खांब जेमतेम चुकवून. नवरा घरी आला तो ओरडला नाही, हेच वाईट. पुढचा घाणाही असाच निघाला तर डिझेलचं पिंप भंगारात, एवढंच बोलला. आणि बाटलीत होता तो तोच पुढचा घाणा.

सासूबाईंना मात्र फावलं.

"साबणच करायचा होता, तर तसं सांगायचं. माझ्या लेकाच्या तोंडाला फेस आणलास."

टोमण्याचं तिला काही नव्हतं. लागलं ते म्हातारीचं निदान बरोबर होतं म्हणून. तेलाचा खरंच साबण होत होता. का, तेच कळेना. कॉस्टिक जास्त पडलं असेल म्हणून तिने काटा तपासला, पुन्हा तोललं. माप चोख. म्हणजे राहिलं पाणी; तेलात ते असलं तरी साबणच होतो. पण दिवसभर कढईत उकळलेल्या तेलात पाणी कुठून येणार? खानावळवालाच तर घालत नसेल?

पडवीच्या टोकाला नवरा हत्यारांच्या पेटीत पाना शोधत होता. पिंपाचे नट त्याच पान्याने सुटायचे.

तिने कॅनमधलं पळीभर तेल घेतलं आणि गॅसवर धरलं. तडतडलं. एक थेंब मनगटावर उडाला, तरी तिने पळी सोडली नाही. म्हणजे पाणीच. खानावळवाल्याला काय काय सुनवायचं ते मनात जुळवत ती मागच्या दारात आली आणि थबकली.

नळापाशी पाटावर सासूबाई बसल्या होत्या. रिकामा कॅन मांडीत घेऊन, काठीला बांधलेल्या काथ्याने आतून घासत होत्या. धुऊन झालेले कॅन शेजारी ओळीने उभे, झाकणं घट्ट लावलेली. हेच कॅन खानावळीत जायचे आणि भरून यायचे.

"आई, हे रोज करता?"

चोरी पकडल्यासारख्या त्या दचकल्या.

"मग काय करू? असले चिकट कॅन लोकांच्या दारात पाठवतेस. नावं कुणाला ठेवतील?" मग कॅनकडेच बघत म्हणाल्या, "गुडघे दुसरं काही करू देत नाहीत. निदान तुझ्या कामाला कुणी घाण म्हणू नये."

तिने ओळीतला एक कॅन उचलून कानाशी हलवला. आत पाणी खुळखुळलं.

नवरा पाना घेऊन दारात उभा होता.

"सापडलं काही?"

काथ्या थांबला. सासूबाईंची नजर कॅनवरून सुनेवर गेली आणि तिथेच राहिली. त्यांना कळलं होतं.

"सापडलं," ती म्हणाली. "ओल होती."

"कसली ओल?"

"घरातलीच. आता कळलीय. अजून एक घाणा काढू द्या, तोवर पंपावरचं डिझेल भरा."

त्याने तिच्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. पाना या हातातून त्या हातात केला.

"एकच," म्हणाला, आणि आत गेला.

ती कॅनचं झाकण फिरवायला लागली, तेवढ्यात सासूबाईंनी तो तिच्या हातून काढून घेतला. झाकण उघडून उन्हात पालथा घातला. मग दुसरा. मग तिसरा. पाणी निथळलं तसं काठीचा काथ्या सोडून तिथे कोरडं फडकं बांधलं आणि एकेक कॅन पुसायला घेतला. बऱ्याच वेळाने एक कॅन सुनेसमोर धरला.

"बघ गं. राहिलीय का कुठे ओल?"

तिने कॅनच्या तोंडाला डोळा लावला आणि हवा त्यापेक्षा जास्तच वेळ तिथे ठेवला.