छत्रीलाही गुण आला

धाकट्या बहिणीचे पत्र येऊन अकरा दिवस झाले होते आणि सूचीकाकांनी उत्तर पाठवले नव्हते. लिहिलेच नव्हते असे नाही. सात मसुदे झाले होते. प्रत्येक वेळी तिसऱ्या ओळीवर त्यांना वाटे, आपल्याला यातले काय कळते? मग कागद बाजूला. त्यांचा जन्म ग्रंथालयात पुस्तकांच्या याद्या करण्यात गेला होता. कोणते पुस्तक कुठे आहे, हे त्यांनी हजारोंना सांगितले. कोणते खरे, हे सांगायची हिंमत कधी झाली नाही.

बहिणीने लिहिले होते, "दादा, सुगंधी महाराजांनी दिलेल्या पानाला आधी वास नव्हता. सात दिवसांनी घमघमाट सुटला. म्हणजे माझा रक्तदाब गेला. गोळ्या महिनाअखेरपर्यंत पुरतील, पुढच्या आणणार नाही. तू एवढा वाचलेला, तुला काय वाटतं ते कळव. काही कळवलं नाहीस तर तुलाही पटलं असं धरीन."

या शेवटच्या वाक्याने काकांची झोप उडाली. फोन करावा, तर बहिणीला ऐकू कमी येई, आणि काका फोनवर 'बरं, ठेवतो' याच्या पुढे कधी गेले नव्हते.

महाराज हल्ली काकांच्या गावातही दर रविवारी येत. काका गेले. सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मागच्या रविवारी पाने नेलेली मंडळी पुढे बसून पुरचुंड्या हुंगत होती आणि डोळे मिटून माना डोलावत होती. महाराजांचा आवाज लोण्यात बुडवून काढल्यासारखा. पान म्हणजे तुमची काया, ते सांगत होते. सुती फडक्यात बांधा, उशाशी ठेवा, सात दिवस चुरगळू नका, पान दुखावतं. तुमचा रोग ते शोषून घेईल आणि सुगंध सोडेल.

एका शिंपीणबाईंचे पान मात्र काळे पडून कुजले होते. महाराजांनी हळहळून मान हलवली. "श्रद्धा कमी पडली, ताई." शेजारच्या बायका तिच्यापासून वीतभर सरकल्या.

काकांना मिळालेले पान त्यांनी थेट रोपवाटिकेत नेले. तिथल्या बाईंनी ते उलटेसुलटे केले आणि म्हणाल्या, "काका, ही तर पचौली. ओली असताना नुसती हुंगली तर गवत. सावलीत वाळली की वास सुटतो. मी लोकरीच्या कपड्यांत ठेवते, कसर लागत नाही." झाड मोठे नाजूक, असेही त्यांनी सांगितले: थंडी सोसत नाही, कडक ऊन सोसत नाही, पाणी चुकले की मान टाकते आणि पाणी मिळाले की तासाभरात ताठ. महाराजांचा माणूस दर आठवड्याला टोपलीभर पाने नेई. बाईंना वाटले होते, महाराजांकडे लोकरीचे कपडे फार असावेत.

काकांनी एक रोप घेतले. तरी शंका होतीच: बाई चुकत असतील, किंवा आपणच चुकीचे ऐकले असेल. म्हणून त्यांनी तीन पाने खुडली. एक फडक्यात बांधून स्वतःच्या उशाशी ठेवले. दुसरे तसेच बांधून मोडक्या छत्रीच्या दांड्याला लटकवले. तिसरे प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधले आणि सकाळ-संध्याकाळ तिच्यापुढे हात जोडून, जमेल तेवढ्या भक्तीने बसले.

पुढच्या रविवारी महिना संपायला तीन दिवस उरले होते. काका छत्री घेऊन सभागृहात उभे राहिले. पाठ केलेले भाषण पार विसरले. शेवटी त्यांनी छत्रीच पुढे केली.

"महाराज, हिच्या तीन काड्या मोडल्यात. तरी पानाला सुगंध सुटलाय. हिचा कोणता रोग गेला?"

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसले. महाराजही हसले. "आजोबा, छत्री तुमची, तशी श्रद्धाही तुमचीच."

"माझी सगळी श्रद्धा हिच्यात होती," काका म्हणाले आणि त्यांनी खिशातली प्लास्टिकची पिशवी काढून उघडली. आत काळा, बुळबुळीत गोळा.

शिंपीणबाई उठल्या. "मीही पिशवीतच ठेवलं होतं. हरवू नये म्हणून."

मग काकांचा आवाज फुटला. कोंडलेले पान कुजते, हवा लागलेले वाळते. वाळले की वास सुटतो. त्याला ना तुमचे दुखणे कळते, ना तुमचे पाप. शिंपीणबाईंचे काहीही चुकले नव्हते, चुकली होती ती पिशवी. हवे तर कुणीही घरी करून पाहावे, पुरचुंडी पाटा-वरवंट्याला बांधावी.

आता मात्र सभागृहभर हशा पिकला. महाराजांना दुसऱ्या गावचा कार्यक्रम आठवला. काहीजण तरीही पान घेऊनच गेले. शिंपीणबाईंच्या शेजारी मात्र दोघीजणी येऊन बसल्या.

टपाल कचेरी रविवारी बंद, म्हणून काका सोमवारी दार उघडायच्या आधीच पायरीवर हजर होते. आठव्या खेपेला पत्र एका दमात झाले होते:

"गोळ्या आजच आण. पानाला आलेला वास खरा आहे, पण तो पान वाळल्याचा. रक्तदाब गेला की नाही, ते डॉक्टरांच्या यंत्राला विचार, पानाला नको. मला पटलेलं नाही. तूही माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. एक ओलं पान घे, बंद खोक्याला बांध आणि सात दिवस थांब. गोळ्या मात्र थांबवू नकोस."

खिडकीतल्या कारकुनाला त्यांनी दोनदा विचारले. दोन्ही वेळा तो म्हणाला, उद्या पोचेल. काकांनी पाकीट त्याच्या हाती दिले आणि त्यावर शिक्का पडेपर्यंत तिथेच उभे राहिले.